खान्देशातील बौद्ध तरुणांसाठी नोकरीची वाट : जातीच्या दाखल्यापासून पदोन्नतीपर्यंत

भरतीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमधून आम्हाला दोन प्रकारचे फोन येतात. एक पेढ्यांचा. दुसरा असा : "दादा, यादीत नाव आलंय, पण व्हॅलिडिटी काढलेली नाही. किती दिवसांत मिळेल?" दुसऱ्या फोनवर काय बोलावे ते सुचत नाही. तीन-चार वर्षे अभ्यासिकेत घासलेल्या मुलाची जागा परीक्षेत जात नाही, ती कागद तपासण्याच्या टेबलावर जाते. आरक्षित जागा रिकामी राहते किंवा यादीतल्या पुढच्याला मिळते, आणि घरी आई-वडिलांना वाटते की पोरगा नापास झाला.

हा लेख त्या दुसऱ्या फोनसाठी आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील बौद्ध तरुण-तरुणींनी नोकरीच्या शोधात काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावे, हे आम्ही एकत्र मांडत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : आधी कागद, मग परीक्षा, एका परीक्षेच्या भरवशावर तारुण्य नाही, आणि नोकरी लागली म्हणजे काम संपले असे नाही.

१. जातीचा दाखला : 'बौद्ध' आणि 'महार' या दोन शब्दांचा गोंधळ

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतल्या शाळेच्या नोंदी बदलल्या. आजोबांच्या दाखल्यावर 'हिंदू महार', वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' आणि मुलाच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असे अनेक घरांत दिसते. यात चूक काही नाही, पण कागदांची साखळी जुळवून दाखवावी लागते.

अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' नावाची जात नाही. बौद्ध हा धर्म आहे. महाराष्ट्राने नवबौद्धांना राज्याच्या सवलती आधीपासून दिल्या होत्या. केंद्राने १९९० साली कायदा दुरुस्त करून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना अनुसूचित जातीचा दर्जा दिला. म्हणून दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख लागतोच. यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवा :

- राज्याच्या नोकरीसाठी आणि केंद्राच्या नोकरीसाठी जातीच्या दाखल्याचा नमुना वेगळा असतो. दोन्ही दाखले काढून ठेवा. रेल्वे, बँक, एसएससी यांच्या तपासणीला केंद्राच्याच नमुन्यातला दाखला मागतात.
- ऑनलाइन अर्जात धर्म 'बौद्ध' आणि प्रवर्ग 'एससी' असे दोन्ही लिहिता येते. बौद्ध लिहिल्याने आरक्षण जात नाही. भीतीपोटी कोणी 'हिंदू' लिहू नये. एका कागदावर एक धर्म आणि दुसऱ्यावर दुसरा असेल, तर पुढे त्रास होतो.
- अनुसूचित जातीसाठी आजच्या घडीला नॉन-क्रिमीलेयरची अट नाही. सेतू केंद्रावर कोणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

२. जात वैधता : अकरावी-बारावीतच हात घाला

राज्य सरकार, जिल्हा परिषद, महापालिका, महामंडळे यांच्या आरक्षित जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही. जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. हा कायदा २००१ पासून लागू आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत स्वतंत्र समित्या आहेत, त्यामुळे आता नाशिकच्या फेऱ्या मारायची गरज नाही. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत व मूळ कागद समितीच्या कार्यालयात दाखवावे लागतात.

अडचण अशी की वैधतेचा अर्ज कारणाशिवाय करता येत नाही. शिक्षण, नोकरी किंवा निवडणूक यांपैकी एक कारण आणि त्या-त्या संस्थेचे पत्र लागते. म्हणजे पदवी झाली, कॉलेज सुटले आणि नोकरी अजून नाही, अशा मधल्या काळात अडकलात तर पत्र देणारे कोणी नसते. म्हणून अकरावी-बारावीत किंवा डिप्लोमा, इंजिनिअरिंग, नर्सिंग, लॉ, बीएड अशा अभ्यासक्रमात असतानाच प्राचार्यांचे पत्र घेऊन अर्ज करून टाका. तेव्हाची दोन दिवसांची धावपळ पुढे नोकरी वाचवते.

पुराव्यासाठी महत्त्वाची तारीख १० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जातींची घटनात्मक यादी त्या दिवशी निघाली. तुमचे आजोबा-पणजोबा त्या तारखेला कुठे राहत होते आणि त्यांची जात काय नोंदली होती, हे समिती पाहते. हे पुरावे पुढील ठिकाणी सापडतात :

- आजोबा, चुलत आजोबा यांच्या प्राथमिक शाळेतील प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांच्या भावांचा शोध घ्या.
- तहसील कार्यालयातील जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४. यालाच आपल्याकडे 'कोतवाल बुकाची नक्कल' म्हणतात.
- महार वतनाच्या जमिनीच्या नोंदी. ज्यांच्या घरात ही जमीन होती, त्यांच्या जुन्या सातबाऱ्यावर आणि फेरफारावर वतनाचा उल्लेख असतो. ज्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेब लढले, त्याचाच कागद आज नातवाच्या उपयोगी पडतो.
- वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला आधीच वैधता मिळाली असेल तर ती. काका, आत्या, सख्खा किंवा चुलत भाऊ यांची वैधता, वंशावळ आणि शपथपत्र जोडले तर काम पुष्कळ सोपे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले आहे की जवळच्या नातलगाला रीतसर वैधता मिळालेली असेल, तर ती फसवणुकीने मिळवल्याचे दिसल्याशिवाय समितीने वेगळा निर्णय घेऊ नये.

खान्देशातील घरांना येणाऱ्या काही खास अडचणी आहेत. जुन्या कागदांवर जळगावचा उल्लेख 'पूर्व खानदेश' आणि धुळ्याचा 'पश्चिम खानदेश' असा असतो. हे विभाजन १९०६ चे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे मूळ गाव शहादा-तळोद्याकडचे असेल तर जुने कागद धुळ्याच्या नावाने असतात. काही जुन्या नोंदी मोडीत आहेत, त्यांचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे लागते. धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी आडनाव बदलले. आजोबांचे आणि तुमचे आडनाव जुळत नसेल तर शपथपत्र, राजपत्रातील नोंद किंवा दोन्ही नावे असलेला एखादा कागद शोधावा लागतो.

मुलींसाठी वेगळे सांगतो. मुलीची जात वडिलांकडून ठरते. लग्नानंतर नाव, गाव, जिल्हा सगळे बदलते, पण पुरावे माहेरीच असतात. लग्नाच्या आधीच वैधता काढून द्या. आंदणात भांडी कमी पडली तरी चालतील.

३. सुरतेला वाढलेल्या मुलांचा प्रश्न

उधना-जळगाव लोहमार्गाने आपली अनेक कुटुंबे सुरतेला गेली आणि तिथेच राहिली. तिकडे मध्य प्रदेशच्या सीमेवरही नातीगोती आहेत. अशा घरातल्या मुलांनी एक नियम नीट समजून घ्यावा. अनुसूचित जातीचा दर्जा राज्यागणिक ठरतो. महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबाला गुजरात सरकारच्या नोकरीत अनुसूचित जातीचे आरक्षण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांनी १९९० पासून हीच भूमिका घेतली आहे. पण केंद्र सरकारच्या नोकरीत मूळ राज्यावरून मिळालेला दर्जा देशभर चालतो.

म्हणजे सुरतेत शिकलेल्या मुलाने रेल्वे, बँक, एसएससी, आयुर्विमा यांकडे प्राधान्याने पाहावे. महाराष्ट्राच्या भरतीत उतरायचे असेल, तर आधी अधिवासाची आणि मराठीची अट जाहिरातीत वाचावी. मूळ गावाशी कागदांचे नाते तोडू नये. रेशनकार्डावरचे नाव, गावच्या शाळेचा उतारा, आजोबांचा मृत्यूचा दाखला हे सगळे जपून ठेवावे.

४. एक पिशवी, सगळे कागद

जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ही पिशवी आजच तयार करा :

- दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रे, शाळा सोडल्याचा दाखला
- वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
- जातीचा दाखला (राज्य व केंद्र नमुना) आणि वैधता
- आधार आणि दहावीचे प्रमाणपत्र यांवर एकच नाव, एकच जन्मतारीख. फरक असेल तर तो आधारमध्ये दुरुस्त करा
- एमएस-सीआयटी, लिपिक पदासाठी टंकलेखन (मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट)
- लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र, लागेल तेव्हा
- समांतर आरक्षणाचा पुरावा

शेवटचा मुद्दा आपली मुले सहसा विसरतात. जातीच्या आरक्षणाच्या आतच महिला ३० टक्के, खेळाडू ५ टक्के, प्रकल्पग्रस्त ५ टक्के, माजी सैनिक १५ टक्के असे आडवे आरक्षण असते. हतनूर, वाघूर, अक्कलपाडा यांसारख्या प्रकल्पांत आपल्याही लोकांच्या जमिनी गेल्या आहेत. घरात कोणाची जमीन किंवा घर गेले असेल आणि प्रकल्पग्रस्त दाखला अजून वापरला गेला नसेल, तर जिल्हा पुनर्वसन शाखेत चौकशी करा. त्या गटात गुणांची कटऑफ पुष्कळदा खाली असते.

५. कोणती परीक्षा? आणि किती वर्षे?

२०२३ च्या तलाठी भरतीत राज्यभरात साधारण चार हजार सहाशे जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. घाबरवण्यासाठी हा आकडा देत नाही. एकाच भरतीवर सगळे लावून बसणे हा जुगार आहे, एवढेच त्यातून सांगायचे आहे.

आमचा सल्ला असा की परीक्षांचे तीन गट समजून घ्या आणि त्यांपैकी एक गट निवडा. पहिला गट राज्यसेवा, संयुक्त परीक्षा आणि सरळसेवेचा. दुसरा एसएससी, बँक, रेल्वे यांचा. त्यात गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी यांवर भर असतो. तिसरा पोलीस, वनरक्षक अशा मैदानी भरतीचा. एका गटातल्या परीक्षांचा अभ्यासक्रम बराचसा सारखा असतो, त्यामुळे एकाच तयारीत चार-पाच अर्ज बसतात. आज राज्यसेवा, उद्या पोलीस, परवा बँक असे करणाऱ्याचा पाया कुठेच पक्का होत नाही.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. पर्याय निवडण्याची सवय असलेल्यांनी रोज एक उत्तर हाताने लिहून कोणाकडून तरी तपासून घ्यावे. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० आणि लेखी परीक्षेला १०० गुण आहेत. मैदान मारले की झाले असे समजणारी मुले लेखीत मागे पडतात.

केंद्राच्या परीक्षांबद्दल आम्हाला कळकळीने सांगायचे आहे. इंग्रजी आणि गणिताच्या धास्तीने खान्देशातील आपली बरीच मुले तिकडे फिरकत नाहीत. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. १९४६ मध्ये तो वाटा १२.५ टक्के झाला. आज अखिल भारतीय खुल्या स्पर्धेत तो १५ टक्के आहे, तर राज्यात १३ टक्के. एसएससी आणि यूपीएससीच्या परीक्षांना आपल्याला शुल्क लागत नाही. रेल्वेच्या परीक्षेला जायला मोफत प्रवासाची सवलत मिळते. दहावीपर्यंतचे गणित सहा महिने रोज दीड तास केले तरी ही धास्ती जाते.

वयाचेही बोलू. राज्याच्या नोकरीत आपल्याला साधारण ४३ वर्षांपर्यंत, तर यूपीएससीत ३७ वर्षांपर्यंत संधी आहे. सवलत आहे म्हणून ती शेवटच्या वर्षापर्यंत वापरायची नसते. पूर्णवेळ अभ्यासाला दोन, फार तर तीन वर्षे द्या आणि ती मुदत घरी सांगून ठेवा. नंतर काहीतरी काम धरा आणि त्याबरोबर परीक्षा चालू ठेवा. तिसाव्या वर्षी हातात ना अनुभव, ना कौशल्य, ना पद अशी अवस्था आम्ही फार जवळून पाहिली आहे. त्या मुलाची हुशारी कमी नव्हती. त्याला थांबायचे कधी हे कोणी सांगितले नव्हते.

तयारीच्या खर्चासाठी पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फत स्पर्धा परीक्षा, बँक, रेल्वे, पोलीस यांचे मोफत प्रशिक्षण दिले जाते. प्रवेशाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे; राहण्या-जेवणाची रक्कम थेट खात्यात येते. दोन्हींची चौकशी समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात होते.

६. भुसावळची वाट : अप्रेंटिस

पदवीच्या मागे धावताना आपण घराजवळची एक भक्कम वाट विसरतो. भुसावळ हे मध्य रेल्वेचे विभागीय ठाणे. तिथे इलेक्ट्रिक लोको शेड आहे, इंजिन दुरुस्तीचा कारखाना आहे. शेजारी दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुध कारखाने आहेत. आपल्या मागच्या पिढीतली कित्येक घरे याच कारखान्यांच्या पगारावर उभी राहिली आणि त्यांची मुले शिकली.

दिवस बदलले आहेत. आयुध कारखान्यांच्या १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात सरकारी कंपन्या झाल्या आणि जुन्या पद्धतीची कायम भरती आक्रसली. पण अप्रेंटिस कायदा, १९६१ नुसार शिकाऊ उमेदवार घेतले जातातच. मध्य रेल्वेच्या ट्रेड अप्रेंटिससाठी दहावीला ५० टक्के आणि आयटीआय लागते. लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. वयोमर्यादा २४, आपल्याला ५ वर्षे सवलत. शिकाऊ काळात विद्यावेतन मिळते.

अप्रेंटिस म्हणजे कायम नोकरीची हमी नव्हे. पण रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा अशा प्रशिक्षित अप्रेंटिससाठी राखीव असतात. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मशिनिस्ट ही कामे हातात असलेला मुलगा सरकारी नोकरी नाही मिळाली तरी उपाशी राहत नाही. दहावीला पंचावन्न-साठ टक्के असलेल्या मुलाला बळेच कला शाखेत घालण्याआधी आयटीआयचा विचार करा. आणि मुलींनाही पाठवा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (२०२४) बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवीधर यांना दरमहा अनुक्रमे ६, ८ आणि १० हजार रुपये ठरले. ते प्रशिक्षण आहे, नेमणूक नाही. अनुभवाचे प्रमाणपत्र घ्या, पण तिथेच आस लावून बसू नका.

७. खासगी नोकरी : आरक्षण नाही, पण हक्क आहेत

जळगावात पाइप, ठिबक, चटई, डाळमिल. धुळ्यात अवधान आणि नरडाणा एमआयडीसी. शिरपूरला कापड उद्योग. साक्रीकडे सौर आणि पवन ऊर्जा. मनमाड-इंदूर लोहमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली असून तो धुळ्यावरून जाणार आहे. कामे वाढतील, पण बहुतेक ठेकेदारामार्फत असतील. तिथे आरक्षण नाही आणि मुलाखतीत आडनाव, राहण्याची वस्ती विचारून मोजमाप करणारेही भेटतात. त्यावर आपले शस्त्र कौशल्य आणि कागद हेच.

कामावर लागताना चार गोष्टी मागा : लेखी नियुक्तिपत्र, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आणि २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी. यूएएन मोबाइलवर सुरू करून दर महिन्याला हप्ता जमा होतो का ते स्वतः पाहा. पगारातून पैसे कापून खात्यात न भरणारे ठेकेदार आहेत. सोडताना अनुभवपत्र घेतल्याशिवाय निघू नका.

मुलाखतीबद्दल एकच सांगणे. आपली मुले अहिराणी किंवा तावडीच्या हेलाची लाज बाळगून गप्प राहतात. हेल असू द्या. यूपीएससी आणि एमपीएससीची मुलाखतसुद्धा मराठीत देता येते. स्वतःचे शिक्षण, केलेले काम आणि गावाचा एखादा प्रश्न यावर दोन-दोन मिनिटे न अडखळता बोलण्याचा सराव विहारात चार जणांसमोर उभे राहून करा.

८. "साहेब ओळखीचे आहेत" : पैसे देऊ नका

रेल्वे, जिल्हा परिषद, आरोग्य खाते, संस्थेची शाळा. सगळीकडे 'लावून देतो' म्हणणारे भेटतात. आईची पोत आणि वडिलांचा गट नंबर विकून दिलेले पैसे परत येत नाहीत. खोटे नियुक्तिपत्र घेऊन गेलेल्या मुलावरच गुन्हा दाखल होतो. शिक्षक भरती अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलमार्फत होते, हे लक्षात असू द्या. अस्सल भरतीत पैसे भरण्याची जागा एकच, अधिकृत संकेतस्थळावरचे परीक्षा शुल्क.

एखाद्याकडे तेवढे पैसे असतीलच, तर ते धंद्याला लावा. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात आणि मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला स्वतःचे फक्त ५ टक्के भांडवल लागते. अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रात.

९. नोकरी लागल्यावर

पहिला पगार झाला की दुचाकी आणि मोबाइलचे हप्ते सुरू होतात. तथागतांनी व्यग्घपज्जाला गृहस्थाच्या सुखासाठी चार गोष्टी सांगितल्या : उद्योगी राहणे, मिळवलेले जपणे, चांगल्यांची संगत आणि आय पाहून व्यय. पहिले वर्ष तरी याप्रमाणे काढा.

पदोन्नतीचे काम पहिल्या दिवसापासून सुरू होते. विभागीय परीक्षा मुदतीत पास करा. उशीर झाला तर ज्येष्ठता जाते. दरवर्षीचा कार्यमूल्यमापन अहवाल पाहून घ्या. शेरा कमी असेल तर लेखी निवेदन द्या. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे की अहवालातील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की आपले नाव, जन्मतारीख, प्रवर्ग तपासून मुदतीत हरकत घ्या. शिक्षण अर्धवट असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करा. रेल्वेतल्या खात्यांतर्गत परीक्षा ट्रॅकमनलाही वर जाण्याची संधी देतात.

राज्यात पदोन्नतीतील आरक्षणाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदे ज्येष्ठतेवर भरण्याचे ठरले. ही लढाई संघटनांची आहे. पण ज्येष्ठता यादीतले आपले स्थान सांभाळणे ज्याच्या-त्याच्या हातात आहे.

१०. कार्यकर्त्यांनी काय करावे

मोर्चा काढणे आपल्याला येते. आता कागद वाचायलाही शिकावे लागेल. जळगाव आणि धुळ्यातील कार्यालयांची बिंदुनामावली नाशिकच्या विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासली जाते. अनुसूचित जातीची किती पदे, किती भरली, किती अनुशेष, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर ३० दिवसांत मागता येते. दर तालुक्यात एका कार्यकर्त्याने एका कार्यालयाची बिंदुनामावली मिळवली, तरी कुठे जागा दाबल्या गेल्या ते दिसेल. वैधता नाकारली गेली तर औरंगाबाद खंडपीठात दाद मागता येते. मुदत न दवडता वकील गाठावा.

दुसरे काम विहाराचे. रविवारी वंदना झाल्यावर दोन तास एक टेबल मांडा. त्यावर एक लॅपटॉप, एक वही. वहीत वस्तीतल्या अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव आणि समोर तीन रकाने : दाखला, वैधता, पुढची परीक्षा. कोणाच्या घरात वैधता आहे, कोणाच्या आजोबांचा शाळेचा उतारा कोणत्या गावात आहे, हे त्याच वहीत. नोकरीतल्या समाजबांधवाने महिन्यातून एक रविवार इथे द्यावा. वर्गणीपेक्षा त्याचे हे दोन तास मोलाचे आहेत.

१९३७ साली बाबासाहेब एका खटल्याच्या निमित्ताने धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. दरवर्षी ३१ जुलैला हजारो लोक तिथे जातात. ते आले होते वकील म्हणून, हातात कागद घेऊन. येत्या ३१ जुलैला लळिंगला पुस्तकांच्या आणि जेवणाच्या स्टॉलशेजारी वैधतेचे अर्ज भरून देणारे एक टेबल असावे, एवढीच आमची विनंती आहे. पुढच्या निकालानंतर येणाऱ्या फोनांत दुसऱ्या प्रकारचे फोन कमी व्हावेत.

जय भीम!